खेळ सुरू होण्याआधीचा कागद

दुपारची भांडी घासून झाली असतील, कुणी धान्य निवडायला बसली असेल, कुणी शेळ्यांमागे बांधावर असेल. हात चालू ठेवा, कान तेवढे इकडे द्या.

आज आम्ही एका वेगळ्याच खेळाबद्दल बोलणार आहोत. त्याआधी एक गोष्ट कबूल करायची आहे. मागच्या वर्षी महिला दिनाला आपल्या परिसरातल्या गटांची रस्सीखेच झाली, ती तुम्हाला आठवत असेल. अंतिम फेरी संपली, गुलाल उधळला गेला आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की जिंकलेल्या बाजूला आठच्या ऐवजी नऊ जणी होत्या. हरलेल्या म्हणाल्या, निकाल रद्द करा. जिंकलेल्या म्हणाल्या, आम्हाला 'आठ-दहा जणी आणा' असंच सांगितलं होतं. पंच म्हणाल्या, पुन्हा खेळा. तोवर निम्म्या बायका टेम्पोत बसल्या होत्या.

चूक त्या दोन्ही गटांची नव्हती, आमची होती. सगळं तोंडी सांगितलेलं. एकीला फोनवर, एकीला बाजारात, एकीला हळदीकुंकवात. हे दोन गट दरवर्षी मिळून दिवाळीच्या फराळाची ऑर्डर घ्यायचे. यंदा घेतली नाही. एका दोरीपायी पंचवीस घरांची दिवाळीची कमाई आटली, ही बोच आमच्या मनात आहे.

यंदा स्पर्धेचे नियम आधी लिहून काढायचे असं आम्ही ठरवलं. पण लिहायचे कसे? आमच्यातल्या एकीची लेक कॉलेजात एनसीसीच्या हवाई शाखेत आहे. पुण्याजवळ हडपसरला ग्लायडिंग सेंटर आहे, तिथली ग्लायडर विमानं तिने पाहिलेली. ती म्हणाली, "मावशी, ग्लायडरच्या स्पर्धेत खेळाआधी नियमांचा कागद काढतात, तो एकदा समजून घ्या. तुमची दोरी त्यापुढे काहीच नाही." मग तिला बसवून घेतलं आणि तीन दुपारी तिच्याकडून ऐकलं.

आधी ग्लायडर म्हणजे काय ते सांगतो. इंजीन न लावता उडणारं हे लांब पंखांचं विमान. दुसरं एखादं इंजीनवालं विमान त्याला दोरखंडाने ओढत वर नेतं, साधारण सहाशे मीटरवर सोडून देतं आणि पुढे वैमानिक आणि वारा. आमच्यातल्या एक आजी पटकन म्हणाल्या, "मग खाली पडत कसं नाही गं?" आजी, तुम्ही चैत्र-वैशाखात घार पाहता ना? पंख न हलवता गोल गोल फिरत ती वर वर जाते. ऊन तापलं की नांगरलेल्या रानावरची हवा गरम होऊन वर चढते. घार तिच्यात शिरते आणि ती हवाच घारीला उचलते. ग्लायडर तेच करतं. उंची मिळाली, की घसरगुंडीसारखं पुढच्या गरम झोतापर्यंत सरकायचं. चांगलं ग्लायडर एक किलोमीटर उंचीवरून चाळीस किलोमीटरपर्यंत जातं. असं करत करत स्पर्धेच्या एका दिवसात तीनशे-चारशे किलोमीटर अंतरही कापलं जातं.

आणि हे बायका करतात. स्त्रियांची जागतिक ग्लायडिंग स्पर्धा २००१ साली युरोपातल्या लिथुआनिया देशात सुरू झाली. त्यानंतर चेक प्रजासत्ताक, जर्मनी, फ्रान्स, हंगेरी, स्वीडन, डेन्मार्क अशा देशांत ती होत गेली. दहावी स्पर्धा जानेवारी २०२० मध्ये ऑस्ट्रेलियात झाली, न्यू साउथ वेल्स राज्यातल्या लेक कीपिट या ठिकाणी. आपल्याकडे संक्रांतीची वाणं चालू होती, तेव्हा तिकडे कडक उन्हाळा होता. लेक कीपिट म्हणजे धरणाचा जलाशय. पण त्या वर्षी तिकडे असा दुष्काळ होता, की धरणाचा तळ उघडा पडलेला. ऑस्ट्रेलियात ठिकठिकाणी जंगलं पेटली होती. दुष्काळातलं रान कसं दिसतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

आता नियमांकडे येऊ. या स्पर्धेत कागद दोन असतात. एक साऱ्या जगाचा. हवाई खेळांची एक जागतिक संस्था आहे, तिच्या ग्लायडिंग आयोगाचं नियमपुस्तक सगळ्या देशांना सारखंच लागू. पण लिथुआनियातलं रान वेगळं, ऑस्ट्रेलियातलं वेगळं. म्हणून जिथे स्पर्धा भरते, तिथले आयोजक दुसरा कागद काढतात, तो म्हणजे स्थानिक नियमपत्रक. स्पर्धेचा प्रमुख कोण, धावपट्टीवर उतरायचं कोणत्या बाजूने, रेडिओवर कुठे बोलायचं, आकाशाचा कोणता भाग वर्ज्य, कोणत्या नंबरवर फोन करायचा, हे सगळं त्यात असतं.

यातल्या दोन गोष्टी आम्ही मुद्दाम लिहून घेतल्या. पहिली अशी, की हा स्थानिक कागद आयोजकांच्या मर्जीवर चालत नाही. तो आधी जागतिक आयोगाकडे जातो, तिथे तपासला जातो आणि मगच संघांच्या हाती पडतो. मोठ्या पुस्तकाच्या विरुद्ध त्यात काही लिहिता येत नाही. दुसरी अशी, की तो सगळ्यांना सारखाच आणि वेळेआधी मिळतो. यजमानांना एक आणि पाहुण्यांना एक, असा प्रकार नाही.

मग स्पर्धेचा दिवस कसा जातो? सकाळी सगळ्यांची बैठक. तिला हजर राहणं सक्तीचं. हवा कशी आहे, आजचा मार्ग कोणता, कुठे धोका, हे सगळं सगळ्यांसमोर एकदाच सांगितलं जातं. कुणाच्या कानात वेगळं नाही. काही बदल असेल तो इथेच कळतो. रस्सीखेचीच्या दिवशी अशी दहा मिनिटांची बैठक घेतली असती, तर फराळाची ऑर्डर वाचली असती.

नंतर वजन. ग्लायडर जड असेल तर ते जास्त वेगाने सरकतं. म्हणून काही गटांत पंखांच्या टाक्यांत पाणी भरायला परवानगी असते, पण एकूण वजनाला मर्यादा. पंधरा मीटर पंखांच्या स्टँडर्ड गटाला ५२५ किलो, अठरा मीटरच्या गटाला ६०० किलो. आपण कापूस तोलताना काट्यावर डोळा ठेवतो ना, तसाच तिथे काटा असतो. क्लब गट म्हणून आणखी एक गट आहे. त्यात जुनी, कमी ताकदीची विमानंही चालतात. कुणाचं विमान किती चांगलं, याचा आकडा आधीच ठरलेला असतो आणि गुण मोजताना तो धरतात. जिची ऐपत नव्या विमानाची नाही, तिलाही खेळता यावं म्हणून हा हिशेब. हे ऐकून आमच्यातली एक म्हणाली, "बघा, गरिबीची सोयसुद्धा कागदावर लिहिलेली असली तर ती मेहेरबानी वाटत नाही."

मग सगळी ग्लायडर धावपट्टीवर रांगेत लागतात. एकेक वर ओढून नेतात, त्याला वेळ लागतो. मग जी आधी वर गेली, तिचा फायदा नाही का? नाही. गटातलं शेवटचं विमान वर गेल्यावर साधारण वीस मिनिटांनी सुरुवातीची रेषा उघडते. तोवर सगळ्या आकाशात घिरट्या घालत थांबतात. रेषा उघडली, की जिला जेव्हा निघावंसं वाटेल तेव्हा तिने निघावं, तिचा वेळ तेव्हापासून मोजायचा. शेवटच्या बाईला तयारीला वेळ मिळाल्याशिवाय पहिलीची शर्यत सुरू होत नाही.

वाटेत ठरलेल्या ठिकाणांना वळसा घालायचा असतो. तो घातला की नाही, हे बघायला तिथे कुणी उभं नसतं. विमानात एक नोंदयंत्र असतं, ते दर थोड्या सेकंदांनी जागा आणि उंची टिपतं. उतरल्यावर ती नोंद ठरल्या वेळेत द्यायची. त्यामुळे 'मी गेले होते' आणि 'तू गेली नव्हतीस' हा वाद उरतच नाही. आपल्या गटाच्या पासबुकासारखंच हे. आठवण चुकते, नोंद चुकत नाही.

दिवसाच्या विजेतीला जास्तीत जास्त हजार गुण आणि सगळ्या दिवसांची बेरीज शेवटी. एका गटात किमान चार दिवस नीट पार पडले तरच ती स्पर्धा धरली जाते. एका दिवसाच्या नशिबावर जगज्जेती ठरत नाही.

आता आमच्या बैठकीत सगळ्यात जास्त गाजलेला भाग. गरम हवा प्रत्येक वेळी सापडतेच असं नाही. दुपार कलली, ढग आले, झोत विरले, की ग्लायडर खाली येऊ लागतं. मग वैमानिकाला दिसेल त्या शेतात उतरावं लागतं. हा अपघात नव्हे, खेळाचाच भाग आहे. उंची शिल्लक असतानाच ती शेत निवडते. पीक उभं आहे का, विजेच्या तारा आहेत का, जमीन उताराची आहे का, जनावरं चरताहेत का, वारा कुठून आहे, हे सगळं वरूनच बघायचं. उतरली की आधी फोन, मी अमुक ठिकाणी सुखरूप आहे म्हणून. मग तिची माणसं लांबलचक ट्रेलर घेऊन येतात, पंख सोडवतात, विमान त्यात घालतात आणि परत नेतात. ठरल्या वेळेत जिचा निरोप आला नाही, तिचा शोध सुरू होतो. निरोप कुणाला आणि कसा द्यायचा, हेही त्या कागदात लिहिलेलं असतं.

हे ऐकल्यावर आमच्यातल्या शेतकरणी उसळल्याच. "माझ्या हरभऱ्यात उतरली तर?" रास्त प्रश्न आहे. त्याचंही उत्तर आहे. दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा असल्याशिवाय स्पर्धेत विमान उतरवता येत नाही. शिवाय या खेळात एक रिवाज मोठ्या काटेकोरपणे पाळतात. शेतमालकाला भेटायचं, त्याला विचारल्याशिवाय गाडी रानात घालायची नाही. आणि फाटक जसं होतं तसंच ठेवून निघायचं. उघडं होतं तर उघडं, बंद होतं तर बंद. आमच्या एक काकू म्हणाल्या, "एवढं फाटकाचं कळतं ना, मग उतरू दे बाई. चहापण करीन."

शेतात उतरणारीला गुण मिळतात का? मिळतात. जेवढं अंतर कापलं त्याचे मिळतात, वेगाचे मिळत नाहीत. तोटा होतो, पण हाती भोपळा येत नाही. हा नियम आम्हाला फार मोलाचा वाटला. शेतात उतरणारीला शून्य दिलं असतं, तर काय झालं असतं? प्रत्येकीने शेवटपर्यंत ओढाताण केली असती, आणखी थोडं, आणखी थोडं करत तारांवर गेली असती. जी वेळेवर थांबते तिच्या पदरात काहीतरी पडतं, म्हणून थांबायची हिंमत होते.

असे आणखी नियम आहेत. एका झोतात दहा-दहा ग्लायडर गोल फिरत असतात. जी पहिल्यांदा शिरली, तिने ज्या दिशेने फेरी धरली, त्याच दिशेने बाकीच्यांनी फिरायचं, मग ती कितीही मागच्या नंबरावर असो. ढगात शिरायला बंदी, कारण आत कुणाला कुणी दिसत नाही. पाठीवर पॅराशूट हवंच. अनेक स्पर्धांत शेवटच्या टप्प्यात एक किमान उंची ठरवतात. तिच्याखालून आलात तर गुण कापले जातात. म्हणजे जिंकण्यासाठी झाडांच्या शेंड्यांवरून घासत यायचा मोहच होऊ नये. वर्ज्य हद्दीत घुसलात तरी दंड. जीव गेल्यावर हळहळ करण्यापेक्षा आधी गुण गेलेले बरे, हे त्यामागचं साधं गणित.

आणि तक्रार? तिचाही रस्ता आखलेला आहे. आधी स्पर्धेच्या प्रमुखाकडे तक्रार करायची. समाधान झालं नाही तर लेखी हरकत, ठरलेल्या मुदतीत, ठरलेली रक्कम भरून. ती पंचमंडळापुढे जाते. हरकत खरी ठरली तर पैसे परत. पैसे कशाला? उगाच कुणी उठून दहा तक्रारी करू नयेत म्हणून. आणि परत कशाला? खरी तक्रार करणारीला भुर्दंड बसू नये म्हणून. टेम्पोत बसताना केलेल्या आरडाओरड्याला तिथे हरकत म्हणत नाहीत.

एवढं सगळं लिहून ठेवलं म्हणजे कधी काही बिघडतच नाही, असं मात्र नाही. लेक कीपिटलाच बिघडलं. तिथे प्रत्येक ग्लायडर कुठे आहे, हे दाखवणारी यंत्रणा होती. पण लोकांना ते थोडं उशिरानेच दिसायचं, मुद्दाम. कारण या क्षणी कोणाला कुठे चांगला झोत सापडला, हे जमिनीवरून आपल्या खेळाडूंना कळवता आलं, तर शर्यत सरळ राहत नाही. स्पर्धा संपत आली तेव्हा उघडकीला आलं, की यजमान ऑस्ट्रेलियाच्या संघाकडे ही माहिती उशीर न होता, थेट येत होती. त्या माहितीला कुलूप नव्हतं, ती कुणालाही बघता आली असती, असा त्यांचा बचाव होता. तो मान्य झाला नाही. माहिती पाहिली गेली जमिनीवरून, पण गुण कापले गेले संघातल्या वैमानिक बायकांचे.

आमच्या बैठकीत यावर तासभर बोलणं झालं. एकीचं म्हणणं, ज्या बायका एवढ्या उन्हात उडत होत्या, त्यांना दंड कशाला? दुसरीचं म्हणणं, फायदा तर त्यांनाच झाला असता. पहिली म्हणाली, त्यांनी मागितला होता का? यावर सगळ्यांचं एकमत झालं नाही, आणि आम्ही ते ओढूनताणून केलंही नाही. पण एक गोष्ट सगळ्यांना पटली. पंच यजमानांच्या अंगणात उभे होते आणि निकाल यजमानांच्या विरुद्ध दिला. आपल्याकडे हे किती वेळा होतं? आणि दुसरी गोष्टही पटली. दाराला कडी नसली म्हणून कुणी शेजारणीच्या घरात शिरत नाही. पण कडी लावायचं काम घरच्यांचं असतंच. आयोजकांनी ती माहिती नीट बंद करून ठेवली असती, तर कुणावर ही पाळीच आली नसती.

तर मैत्रिणींनो, यावरून आम्ही आपल्या स्पर्धेसाठी एक पानाचा कागद केला आहे. पानभरच, जास्त नाही. एका संघात आठ जणी, नावं आदल्या दिवशी लिहून द्यायची. बदली खेळाडू एक, तिचंही नाव आधीच. खेळाआधी दहा मिनिटांची बैठक, प्रत्येक संघाची एक जण हजर हवीच. दोर ओढण्याआधी दोन्ही बाजूंच्या बाया पंचांनी मोठ्याने मोजायच्या. पंच तिसऱ्या गावच्या. कुणाला दुखलं, चक्कर आली आणि ती थांबली, तर तिच्या संघाची फेरी पुन्हा, हार धरायची नाही. हरकत त्याच दिवशी, तासाभरात, लेखी, वीस रुपये भरून. खरी ठरली तर वीस रुपये परत. जिला लिहिता येत नाही, तिची हरकत आमच्यातली एक लिहून घेईल आणि तिला वाचून दाखवेल.

हा कागद अजून कच्चा आहे. त्यांच्याकडे जसा आधी वर तपासायला जातो, तसा आमचा आम्ही तुमच्याकडे पाठवतो आहोत. पुढच्या महिन्याच्या बैठकीत प्रत्येक गटाने तो मोठ्याने वाचावा, काय खटकतं ते सांगावं. एकदा सगळ्यांचे अंगठे आणि सह्या झाल्या, की मग स्पर्धा संपेपर्यंत त्यात खाडाखोड नाही, आमच्यासाठीसुद्धा नाही.

आणि त्या दोन गटांना एक विनंती. पहिला कच्चा कागद आम्ही तुमच्याकडेच घेऊन येतोय, दोघींकडे एकाच दिवशी, एकाच वेळी. मधल्या देवळाच्या ओट्यावर बसू. मागच्या वर्षीची चूक आमची होती, हे आम्ही तिथे पुन्हा सांगू. चहा आमच्याकडून. फराळाचं बोलणं काढायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

दुपार कलायला लागली. घार अजून फिरत असेल, वर बघा एकदा. नमस्कार.